गोठ्यातला शेवटचा खुंटा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या कोणत्याही गोठ्यात शिरा, नजर आधी जाते ती गायींवर. गव्हाणीला ओळीने उभ्या, काळ्या-पांढऱ्या, कास भरलेल्या. मालकही तिथूनच बोलायला सुरुवात करतो. ही दुसऱ्या वेताची, हिचं एका वेळचं बारा लिटर, ही आता आटवायला आलीय. वासराचा विषय आपण काढल्याशिवाय निघत नाही. ते असतं शेवटच्या खुंट्याला, कुट्टी यंत्राच्या मागे किंवा शेणाच्या खड्ड्याकडच्या कोपऱ्यात, हातभर दाव्याला बांधलेलं. पशुवैद्यक म्हणून या भागात फिरताना मी एक सवय लावून घेतली आहे. गोठ्यात गेलं की आधी त्या शेवटच्या खुंट्याकडे जायचं. वासराचे केस राठ आहेत की चकचकीत, पोट सुटलंय का, शेपटी लडबडलेली आहे का आणि दावं किती लांब आहे, एवढं पाहिलं की त्या गोठ्याची पुढची तीन वर्षं कशी जाणार याचा बराचसा अंदाज येतो.

पुढच्या पानांत वासरं वाढवायच्या निरनिराळ्या पद्धतींचा विचार आहे. आईखाली पाजणं, बाटली किंवा बादलीवर वाढवणं, बांधून ठेवणं, मोकळं सोडणं, एकटं ठेवणं, सोबतीने ठेवणं. यातल्या प्रत्येक पद्धतीचा वासराच्या वाढीवर काय परिणाम होतो आणि त्याच्या सुखदुःखावर काय होतो, हे दोन्ही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. आपल्याकडे ते वेगळे मानायची पद्धत आहे. वाढ म्हणजे धंदा आणि सुखदुःख म्हणजे भूतदया. गोठ्यात मात्र मला ते फार क्वचित वेगळे दिसले. उपाशी वासरू ओरडतं आणि तेच वाढत नाही. भेदरलेलं वासरू कोपरा धरतं आणि तेच खुराकाला तोंड लावत नाही.

वासरू शेवटच्या खुंट्याला कसं गेलं, हे आधी सांगायला हवं. देशी गाय वासराशिवाय पान्हा सोडत नाही. खिल्लार गाय ज्यांनी पिळली आहे त्यांना हे ठाऊक आहे. वासरू सोडायचं, त्याने कासेला दोन-चार ढुशा द्यायच्या, पान्हा आला की त्याला ओढून गायीच्या पुढच्या पायाशी बांधायचं. गाय त्याला चाटत राहते आणि तेवढ्यात धार काढून घ्यायची. शेवटी एखादा सड वासरासाठी राखायचा. या व्यवहारात वासराच्या वाट्याला दूध थोडंच यायचं. तरी दिवसातून दोनदा त्याला आई भेटायची आणि ते जगणं घराच्या गरजेचं होतं. वासरू मेलं तर गाय आटायची. म्हणून तर मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे उभं करायची पाळी लोकांवर यायची.

मग संकरित गाय आली. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ या संस्थेची स्थापना केली आणि गोठवलेल्या रेतमात्रेचं तंत्र दारोदार नेलं. १९७१ साली बारामतीत अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. पुढे शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राने मुरघासापासून मुक्त संचार गोठ्यापर्यंत अनेक गोष्टी इथल्या शेतकऱ्याच्या हातात दिल्या. नीरेच्या डाव्या कालव्याखालचा ऊस, उजनीच्या फुगवट्याकाठची इंदापुरातली गावं आणि पाण्याची वाट बघणारा सुपे-मोरगावकडचा जिरायत पट्टा, या तिन्हींकडे एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय पोचली. जिरायतातल्या कित्येक घरांत पोरांच्या फिया, लग्नं, बोअरचं कर्ज हे सगळं दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर निभावलं. या गायीने घरं उभी केली, हे मी पाहिलं आहे आणि तिच्याविरुद्ध एक शब्दही मला लिहायचा नाही.

पण ही गाय कास धुतली, सड पुसले, मशीन लावलं की पान्हावते. तिला वासरू लागत नाही. एवढ्या एका गुणाने वासराचं गोठ्यातलं काम गेलं. पूर्वी ते दुधाच्या हिशेबात जमेच्या बाजूला होतं, ते एका रात्रीत खर्चाच्या बाजूला गेलं. त्याच्या पोटात गेलेला प्रत्येक लिटर डेअरीला घातला असता तर त्याचे पैसे झाले असते, हे गणित रोज सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्राच्या काट्यावर दिसतं. आज नीट पाजलेली कालवड सव्वादोन वर्षांनी काय देईल, हे कुठल्याच काट्यावर दिसत नाही. संगोपनाच्या पद्धतींचा जो घोळ आपण आज पाहतो, त्याच्या मुळाशी हा न दिसणारा हिशेब आहे.

या पुस्तिकेत वासराच्या पहिल्या दिवसाला सर्वांत जास्त जागा दिली आहे. तो मान त्या दिवसाचाच आहे.

माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच रोगाशी लढायची काही शिदोरी मिळते. वासराला ती मिळत नाही. गायीची वार अशा घडणीची असते की आईच्या रक्तातली प्रतिकारद्रव्यं त्यातून पार होत नाहीत. वासरू जन्मतं ते जवळजवळ निःशस्त्र, आणि जन्मतं शेणामुताने भरलेल्या जमिनीवर. त्याची सारी शिदोरी चिकात असते. त्यातही अट अशी की वासराच्या आतड्याची ही द्रव्यं जशीच्या तशी रक्तात घ्यायची ताकद तासागणिक कमी होत जाते आणि २४ तासांत जवळपास संपते. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोट भरतो, पण ती शिदोरी रक्तात पोचवत नाही. म्हणून पहिल्या दोन तासांत, वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर चीक पोटात जायला हवा. एका दमात जात नसेल तर थोड्या वेळाने पुन्हा, पण पहिल्या काही तासांतच.

आपल्याकडे होतं काय? "वार पडू द्या आधी, डॉक्टर, मग पाजू." हे वाक्य मी या दोन तालुक्यांत किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. रात्री दहाला व्यायलेल्या गायीची वार पहाटे पडते आणि तोवर वासरू कोरडं. खरं तर वासराने सड ओढला की जे संप्रेरक गायीच्या अंगात सुटतं, तेच वार सुटायलाही मदत करतं. दुसरी भीती हगवणीची. जास्त चीक पाजला की वासरू हगतं, असा समज आहे. आणि तिसरा वाटेकरी म्हणजे खरवस. गाय व्याली की शेजारीपाजारी, पाहुण्यांत चीक वाटायचा रिवाज जुना आणि गोड आहे. तो मोडा असं मी कधीच म्हणणार नाही. माझं मागणं एवढंच की पहिल्या धारेचा चीक वासराचा. खरवसाला दुसऱ्या-तिसऱ्या वेळचा घ्यावा, वडी त्याचीही पडते.

चीक चांगला की पातळ, हे ओळखायचं साधन या भागात आधीपासून आहे आणि ते भलत्याच कामाला वापरलं जातं, याचं मला फार अप्रूप वाटतं. संसार गावाजवळच्या एका वस्तीवर रात्री गाय व्यायली होती. गाय अडलेली होती म्हणून मला बोलावलं होतं. वासरू सुखरूप बाहेर आलं, घरातल्या मावशींनी पोत्याने त्याचं अंग कोरडं केलं. त्यांचा मुलगा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कामाला. त्याच्या गाडीच्या डिकीत उसाची पक्वता बघायचं ब्रिक्सचं यंत्र होतं. वीतभर लांबीची ती नळी, टोकाला काच. उसाच्या रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि रेघ कुठे येते ते वाचायचं. मी त्याला म्हटलं, आज रसाऐवजी चीक टाक. त्याने पिवळाधमक, मधासारखा दाट थेंब काचेवर टाकला, मोबाइलच्या बॅटरीकडे नळी धरली आणि म्हणाला, "चोवीस." चिकाला बावीस किंवा त्याहून वर आकडा आला की तो चीक उत्तम समजावा. मावशी त्या नळीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होत्या. वार अजून लोंबत होती. त्यांनी स्वतःच बाटली उचलली आणि वासराच्या तोंडात बूच दिलं.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर. कारखान्यांच्या या मुलखात ब्रिक्स हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गावात दोघातिघांत मिळून एक असं यंत्र असलं तरी पुष्कळ वासरं वाचतील.

चिकानंतर येतं दूध, आणि इथे पद्धती फुटतात. बऱ्याच घरांत वासराला सकाळ-संध्याकाळ लिटर-दीड लिटर दूध मिळतं. वजनाच्या दहा टक्के हा जुना दंडक त्यामागे आहे. वासरू मनाला येईल तेवढं पिऊ शकलं तर याच्या जवळपास दुप्पट पितं. दहा टक्क्यांवर ठेवलेलं वासरू मरत नाही, पण भुकेलं राहतं आणि थंडीच्या दिवसांत तर अंग तापवण्यातच त्याचं दूध खर्ची पडतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या गोठ्यातल्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दूध तुटण्याआधी रोजच्या वाढीत १०० ग्रॅमची भर पडली, तर त्या कालवडीने पहिल्या वेतात सुमारे ८५ किलो दूध जास्त दिलं, असा त्याचा निष्कर्ष आहे. तिथल्या गायी शुद्ध होल्स्टिन, हवा थंड, खुराक वेगळा. तो आकडा जसाच्या तसा इंदापुरात लागू करू नये. पण कास जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांतच घडू लागते, हे इकडच्या कालवडीलाही लागू आहे.

दूध कसं पाजलं, यालाही किती पाजलं याइतकंच महत्त्व आहे. वासरू मान वर करून सड चोखतं तेव्हा त्याच्या अन्ननलिकेच्या शेवटाला एक पन्हळ मिटते आणि दूध थेट चौथ्या पोटात, म्हणजे पचायच्या जागी उतरतं. बादलीत तोंड बुडवून घटाघट पिणाऱ्या वासराचं दूध कधी कधी वाट चुकून कोठीपोटात सांडतं आणि तिथे आंबतं. शिवाय चोखायची ओढ दूध संपल्याने संपत नाही, दुधाची चव तोंडात असेपर्यंत पुढची दहा मिनिटं ती राहते. बादली दीड मिनिटात रिकामी झाली की वासरू शेजारच्याचा कान चोखतं, बेंबी चोखतं, दावं चघळतं. लोक त्याला खोड म्हणतात. बेंबी पिकली की मला बोलावतात. बुचाची बादली आणली, ती वासराच्या मानेहून थोडी वर टांगली आणि दूध संपल्यावर बूच दहा मिनिटं तसंच ठेवलं, की खोड बहुतेक वेळा आपोआप जाते. मातीचंही तेच. वासरू माती खातं म्हणून त्याच्या तोंडाला मुसकं बांधतात आणि मुसकं बांधलं की पाणीही तुटतं, खुराकही तुटतो. ज्या वासराला मिनरल मिक्स्चर मिळतं, जंताचं औषध वेळेवर मिळतं आणि पोटभर मिळतं, ते मातीकडे फारसं वळत नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. "दूध पितंय की, पाणी कशाला?" असं विचारलं जातं. दूध चौथ्या पोटात जातं. कोठीपोटातले जंतू वाढायचे तर तिथे पाणीच लागतं आणि तिथे पडायला दाणा लागतो. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर पुढे असावा. तो कोठीपोटात आंबतो आणि त्यातून जी आम्लं तयार होतात, त्यांनी पोटाचं अस्तर वाढतं. नुसतं गवत चघळून ते तसं वाढत नाही. ऊसपट्ट्यात तर वासरांपुढे सर्रास वाढे टाकले जातात. वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. हाडं धरायच्या वयात त्या वासराला तोच चारा देणं म्हणजे पोट फुगवून अंग वाळवणं. ढेरपोटं, बरगड्या मोजता येणारं वासरू दिसलं की मी आधी गव्हाणीत डोकावतो.

आता दाव्याविषयी. बारामतीच्या परिसराने मुक्त संचार गोठा मनापासून स्वीकारला. जाळीचं कुंपण, मध्ये झाडं, पाण्याची टाकी, गायी हव्या तिथे बसतात, हव्या तेव्हा खातात. त्याचे फायदे शेतकऱ्यांनी स्वतःच्या बिलावर पाहिले. मनाला लागतं ते हे, की अशा कित्येक गोठ्यांत आई मोकळी फिरते आणि वासरू मात्र कुंपणाबाहेर पत्र्याखाली बांधलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यात इथला पारा चाळिशीच्या वर जातो आणि खुज्या पत्र्याखाली वासराला धाप लागते. मोकळेपणाची गरज जर कुणाला सगळ्यात जास्त असेल तर ती वाढत्या जिवाला. आपल्या भाषेला हे कळतं. 'हुंदडणं' हा शब्द आपण पोरांसाठी वापरतो, पण तो मनात आणला की दिसतं ते शेपटी उभारून उधळलेलं वासरूच. पशुकल्याणाचे अभ्यासक हुंदडण्याला खुशालीची खूण मानतात. पोट रिकामं असलं, शिंगं जाळल्याचं दुखत असलं, की वासरं पहिल्यांदा हुंदडायचं सोडतात. हातभर दाव्यावर ही खूण बघायची सोयच राहत नाही.

सोबतीचा प्रश्न याला जोडूनच येतो. पाश्चात्त्य देशांत रोग पसरू नये म्हणून वासरांना एकेकटं ठेवायची चाल पडली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात डॅन वेअरी आणि मरिना फॉन कायझरलिंक यांच्या चमूने जोडीने वाढवलेली वासरं आणि एकटी वाढवलेली वासरं वर्षानुवर्षं तपासली. जोडीतली वासरं दाणा लवकर खायला शिकतात, नव्या चाऱ्याला कमी बिचकतात, दूध तुटताना कमी ओरडतात. युरोपीय संघात तर आठ आठवड्यांपुढच्या वासराला एकट्या कप्प्यात ठेवायला कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे दोन-चार गायींच्या गोठ्यात एका वयाची दोन वासरं एका वेळी असतीलच असं नाही, ही अडचण खरी आहे. पण ज्याच्याकडे आहेत त्याने ती दोन खुंट्यांना दोन टोकांना बांधू नयेत. दहा बाय दहाचा एक कप्पा, कोरडं अंथरूण, वर सावली, एक पाण्याची बादली, त्यात दोघं. खर्च जाळीच्या एका तुकड्याचा.

आईपासून कधी तोडावं, या प्रश्नावर या पुस्तिकेत एकच एक उत्तर मिळणार नाही. जन्मताच तोडलं तर दोघांची ओढ बसायच्या आत ताटातूट होते, पहिल्या दिवसांतला आकांत कमी होतो आणि किती दूध पोटात गेलं हे मोजता येतं. आईजवळ ठेवलं तर वासरू जोमाने वाढतं, चोखायची भूक भागते, पण पुढे तोडताना दोघंही दोन-तीन दिवस हंबरतात आणि बिलात दूध कमी दिसतं. माझं स्वतःचं मत काळाबरोबर बदललं आहे. पूर्वी मी ताबडतोब तोडा म्हणायचो. आता ज्या घरात चीक मोजून पाजायला माणूस जागा असतो तिथेच तसं सांगतो. जिथे रात्री कुणी उठणार नाही, तिथे वासरू आईजवळच राहू द्यावं. त्यातही त्याने सड धरलाय ना, हे कुणीतरी बघायला हवं.

शिंगांचं थोडक्यात. जाळायची असतील तर पहिल्या एक-दोन महिन्यांत, आणि बधिर करायच्या इंजेक्शनाशिवाय नाही. ते इंजेक्शन स्वस्त आहे.

आणि गोऱ्हा. लिहायला मला सर्वांत जड गेलेलं प्रकरण हे. एचएफच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, त्यामुळे जू बसत नाही, ऊन सोसत नाही आणि नांगराला आता ट्रॅक्टर आहे. २०१५ च्या मार्चपासून राज्यात गोवंशहत्याबंदीचा सुधारित कायदा लागू आहे. गोऱ्ह्याला गिऱ्हाईक नाही आणि घरात काम नाही. मग त्याला कुणी मारत नाही, पण कुणी पाजतही नाही. चार-सहा दिवसांत तो हगवणीने जातो आणि डॉक्टरला बोलावणं येत नाही. ही क्रूर माणसांची गोष्ट नाही. वसुबारसेला हीच माणसं गाय-वासराला ओवाळतात, घरातल्या बायका त्या दिवशी गायीचं दूध तोंडात घालत नाहीत. वत्स या शब्दातूनच आपल्याला वात्सल्य हा शब्द मिळाला, तो शब्द जगणारी ही घरं आहेत. दहा दिवसांच्या पगारात त्या जिवासाठी जागा सापडत नाही, एवढंच. लिंगनिश्चित रेतमात्रेने नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडी होतात. ती वापरली तर नको असलेलं वासरू मुळात जन्माला येत नाही. सध्या तरी मला याहून माणुसकीची वाट दिसत नाही. आणि तरी जे जन्मेल, त्याला पहिल्या दोन तासांतला चीक मिळावा. गोऱ्ह्याचा चीक वेगळा नसतो.

हे सारं वाचून कुणाला वाटेल की एवढं मोजमाप घरी कोण ठेवणार. लासुर्ण्याजवळच्या एका वस्तीवर शाळेत जाणाऱ्या एका मुलीने ते ठेवलेलं मी पाहिलं. वासराच्या छातीचा घेर इंचांत घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचं, मग अंगाच्या लांबीने गुणून ६६० ने भागायचं, म्हणजे किलोत वजन येतं. शिंप्याकडची जुनी टेप घेऊन ती दर महिन्याच्या एक तारखेला आपल्या कालवडीचा घेर घ्यायची आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहायची. पहिला आकडा २९. मध्ये लागोपाठ दोन महिने एकच आकडा आला होता. विचारलं तर म्हणाली, "तेव्हा तिला जंत झाले होते." शेवटचा आकडा ६०. त्याच्यापुढे तिने 'भरवली' असं लिहून तारीख टाकली होती आणि खाली पुढचा आकडा लिहायला थोडी जागा सारवून ठेवली होती.